सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरील डिझेल अ‍ॅम्बॅसडर

पश्चिमेला पाटणचा डोंगराळ मुलूख, मध्ये कऱ्हाड-वाळव्याचा ऊसपट्टा आणि पूर्वेला माण, आटपाडी व जतचा कोरडा माळ, अशा सातारा-सांगलीच्या भूरचनेत मोटारीची निवड वेगापेक्षा तिच्या टिकाऊपणावर ठरणे स्वाभाविक होते. हिंदुस्थान मोटर्सने १९७० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅम्बॅसडरमध्ये १४८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे डिझेल इंजिन बसवले. त्याची शक्ती बेताचीच होती, परंतु डिझेल पेट्रोलपेक्षा स्वस्त होते आणि इंधनाचा फवारा सोडणारा पंप व नोझल ही रचना पूर्णतः यांत्रिक असल्याने विहिरीवरच्या डिझेल इंजिनाची सवय असलेल्या कारागिराला ती परकी वाटण्याचे कारण नव्हते. मागील आसाला आधार देणारे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग, ओझ्याखाली आणि खड्ड्यांत तग धरत, शिवाय तुटलेला पाटा सुटा बदलता येई. ग्रामीण मालकाच्या दृष्टीने हाच गुण निर्णायक मानला पाहिजे. पुढे २००२ मध्ये टाटांची डिझेल इंडिगो आली, ती अधिक आरामशीर होती. अ‍ॅम्बॅसडरचे उत्पादन बंगालमधील उत्तरपाडा येथे २०१४ मध्ये थांबले, त्यामुळे आज ती घेणाऱ्याने रंगरूपाआधी तळाच्या पत्र्याचा गंज, पाटे आणि सुट्या भागांची उपलब्धता तपासावी.