एक्सप्रेस एंट्री

एक्सप्रेस एंट्री ही कुशल परदेशी व्यक्तींना कायमस्वरूपी वास्तव्याचा दर्जा देण्यासाठी कॅनडाच्या संघीय सरकारने १ जानेवारी २०१५ पासून अमलात आणलेली निवडव्यवस्था आहे. नावावरून तो एखाद्या व्हिशाचा प्रकार असावा असा समज होतो. वस्तुतः ही इच्छुकांची गुणानुक्रमे यादी लावून वरच्या क्रमांकाच्या व्यक्तींना अर्जासाठी निमंत्रित करण्याची पद्धत आहे. जाहिरातींत रूढ झालेला ‘पीआर व्हिसा’ हा शब्दप्रयोगही सैलच म्हणावा लागेल. कारण निवड झालेल्यास मिळतो तो दर्जा, ठरावीक नोकरीपुरता परवाना नव्हे. अमेरिकेच्या एच-१बी व्हिशासाठी मालकाने अर्ज करावा लागतो. येथे मात्र इच्छुक स्वतःच नोंदणी करतो आणि त्यासाठी कॅनडात आधी नोकरी मिळालेली असणे सर्वांना बंधनकारक नाही.

पार्श्वभूमी

वंश व मूळ देश पाहून स्थलांतरितांना प्रवेश देण्याचे कॅनडाचे धोरण १९६२च्या नियमांनी बव्हंशी संपुष्टात आले. १९६७ मध्ये शिक्षण, भाषा, वय, व्यवसाय इत्यादींवर गुण देण्याची पद्धत सुरू झाली. त्या वेळी १०० पैकी ५० गुण मिळवणारा पात्र ठरे. पुढे निकष बदलत गेले, पण तत्त्व तेच राहिले: जो पात्र, त्याचा अर्ज क्रमाने विचारात घेतला जाई.

या तत्त्वातच पुढील अडचणीचे मूळ होते. पात्र अर्जदारांची संख्या दरवर्षीच्या जागांपेक्षा कितीतरी अधिक झाली आणि अर्ज वर्षानुवर्षे पडून राहू लागले. अखेर २०१२ मध्ये संसदेने कायदा करून, २७ फेब्रुवारी २००८ पूर्वी आलेले व तोवर निर्णय न झालेले कुशल कामगार वर्गातील अर्ज रद्द केले. अर्जदार व त्यांचे कुटुंबीय मिळून सुमारे २ लाख ८० हजार लोकांना याचा फटका बसला. शुल्क परत मिळाले. गेलेली वर्षे अर्थातच मिळाली नाहीत. एक्सप्रेस एंट्रीची रचना समजून घ्यायची तर ही घटना लक्षात ठेवावी लागते. नव्या व्यवस्थेत रांगच ठेवलेली नाही. नोंदणी १२ महिने टिकते आणि तेवढ्या काळात निमंत्रण न आल्यास ती आपोआप बाद होते. पुन्हा नोंदणी करता येते, मात्र आधीच्या प्रतीक्षेचे श्रेय मिळत नाही. समान गुणांच्या उमेदवारांत तेवढी आधी नोंदणी करणाऱ्यास पसंती मिळते.

पात्रता

संघीय कुशल कामगार, संघीय कुशल कारागीर आणि कॅनडा अनुभव वर्ग या तीन योजनांपैकी एकीत बसणाऱ्यालाच नोंदणी करता येते. भारतातून थेट जाऊ पाहणाऱ्या पदवीधरांचा संबंध प्रामुख्याने पहिलीशी येतो. तिच्यासाठी मागील १० वर्षांत किमान एक वर्षाचा सलग कुशल कामाचा अनुभव, इंग्रजी वा फ्रेंच भाषेच्या मान्य परीक्षेत ठरावीक पातळी, शैक्षणिक समकक्षतेचा अहवाल आणि सहा निकषांवर १०० पैकी ६७ गुण लागतात. सुरुवातीच्या खर्चापुरती रक्कम जवळ असल्याचा पुरावाही बहुतेकांना द्यावा लागतो. कॅनडा अनुभव वर्गासाठी मागील तीन वर्षांत कॅनडातच किमान एक वर्ष कुशल काम केलेले असावे लागते. क्यूबेक प्रांत आपले कुशल स्थलांतरित स्वतंत्रपणे निवडतो.

क्रमवारी

६७ गुण म्हणजे निवड, असा गैरसमज सर्रास आढळतो. हे गुण केवळ नोंदणीचे दार उघडतात. निवड होते ती १२०० गुणांच्या दुसऱ्याच मोजपट्टीवर. तीत वय, शिक्षण, भाषा व कॅनडातील अनुभव यांना मिळून, जोडीदाराचे गुण धरून, ५००. या गोष्टींच्या परस्पर जुळणीला १००. आणि अतिरिक्त बाबींना ६०० गुण आहेत. एखाद्या प्रांताचे नामनिर्देशन मिळाल्यास एकदम ६०० गुण वाढतात, त्यामुळे निमंत्रण जवळजवळ निश्चित होते. नोकरीच्या प्रस्तावाला मिळणारे अतिरिक्त गुण २५ मार्च २०२५ पासून बंद झाले आहेत. बनावट नोकरीपत्रांचा बाजार हे त्यामागील एक कारण होते.

वयाचा घटक सर्वांत निष्ठुर आहे. जोडीदाराविना अर्ज करणाऱ्यास २० ते २९ या वयात पूर्ण ११० गुण मिळतात. तिसाव्या वर्षी ते १०५ होतात, पस्तिसाव्या वर्षी ७७, चाळिसाव्या वर्षी ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य. भाषेची परीक्षा पुन्हा देऊन गुण वाढवता येतात, वयाचे तसे नाही.

किमान गुण आधी जाहीर होत नाहीत; प्रत्येक फेरीत किती निमंत्रणे द्यायची हे ठरते व त्यावरून तो आकडा निघतो. करोना साथीत सीमा बंद असताना १३ फेब्रुवारी २०२१ रोजी कॅनडा अनुभव वर्गासाठी ७५ गुणांवर २७,३३२ निमंत्रणे दिली गेली. त्याच सुमारास देशाबाहेरील कुशल कामगारांसाठीच्या फेऱ्या थांबल्या होत्या. ६ जुलै २०२२ रोजी त्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा किमान गुण ५५७ होते. २०२३ पासून फ्रेंच भाषा, आरोग्यसेवा, कारागिरी अशा गटांसाठी स्वतंत्र फेऱ्याही होतात. त्यामुळे चांगले फ्रेंच येणारा उमेदवार पुष्कळदा कमी गुणांवरही निवडला जातो.

निमंत्रणानंतर

निमंत्रण मिळाल्यापासून ६० दिवसांत पोलीस दाखले, वैद्यकीय तपासणी व अनुभवपत्रांसह अर्ज करावा लागतो. विद्यापीठाकडून गुणपत्रके मिळवण्यास आणि जुन्या मालकांकडून कामाचे स्वरूप लिहून घेण्यास वेळ लागतो, म्हणून ही जुळवाजुळव नोंदणीपूर्वीच केलेली बरी. खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते. ती माहिती दलालाने भरली असली तरी अर्जदाराची जबाबदारी टळत नाही. शुल्क घेऊन सल्ला देण्याचा अधिकार परवानाधारक सल्लागार, वकील व काही अन्य नोंदणीकृत व्यावसायिकांनाच आहे.

दर्जा मिळाला म्हणजे व्यवसायाचा परवाना मिळाला असे नव्हे. डॉक्टर, परिचारिका, अभियंते यांचे परवाने प्रांतिक संस्था देतात व त्यांच्या परीक्षा वेगळ्या असतात. स्थलांतरासाठी गुण मिळवून देणारी पदवी तेथे काम मिळवून देईलच असे नाही.

कायम रहिवाशाला मतदानाचा हक्क नसतो. दर्जा टिकवण्यासाठी प्रत्येक पाच वर्षांत किमान ७३० दिवस कॅनडात राहावे लागते. नागरिकत्वाच्या अर्जासाठी १,०९५ दिवस लागतात. ते नागरिकत्व स्वीकारताच भारताच्या १९५५च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यानंतर ओसीआय कार्ड घेऊन भारतात ये-जा करता येते, परंतु मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.