मार्कंड्याची मंदिरे आणि कनिंगहॅमचे खंड

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जेथे उत्तरवाहिनी होते तेथे मार्कंड्याचा शिल्पसमृद्ध मंदिरसमूह आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला येणारे भाविक या क्षेत्राला 'विदर्भाची काशी' म्हणतात. या मंदिरांच्या अभ्यासकाला मात्र नदीकाठाइतकीच एका जुन्या ग्रंथसंचाची वाटही तुडवावी लागते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले महासंचालक अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या कारकिर्दीत निघालेल्या अहवालांचा हा संच. त्याचे २३ खंड १८७१ ते १८८७ या काळात प्रसिद्ध झाले.

मार्कंडा आढळते ते नवव्या खंडात. १८७३ ते १८७५ दरम्यान मध्य प्रांतात केलेल्या दौऱ्यांचा हा वृत्तान्त १८७९ मध्ये कलकत्त्याहून निघाला. भांदक, म्हणजे आजची भद्रावती, हिचेही वर्णन त्यातच आहे. १९६ फूट लांब व ११८ फूट रुंद प्राकारात सुमारे वीस लहानमोठी मंदिरे असल्याची नोंद त्या काळातली. त्यांतील सर्व आज उभी नाहीत. मुख्य मंदिराच्या शिखराची तर वीज पडून पूर्वीच हानी झाली होती. पडझड आणि डागडुजी यांतून गेलेल्या वास्तूबाबत अशी जुनी मोजमापे साक्षीदाराचे काम करतात.

संग्राहकाची फसगत होते ती संचाच्या मोजणीत. २३ खंड मांडले की संच पूर्ण झाला, असे विक्रेता सांगतो. परंतु व्हिन्सेंट स्मिथ यांनी तयार केलेली सूची १८८७ मध्ये स्वतंत्र ग्रंथ म्हणून निघाली. ती नसेल तर एकाच स्थळाचे विखुरलेले उल्लेख शोधण्यात दिवस जातात. मध्य प्रांतापुरते पाहिले तरी बेगलर यांचा सातवा आणि कनिंगहॅम यांचा सतरावा हे खंडही हाताशी लागतातच.

दुसरी तपासणी चित्रफलकांची. नकाशे, आराखडे आणि शिलालेखांचे ठसे खंडाच्या अखेरीस बांधलेले असतात आणि नेमकी तीच पाने चौकटीत लावून विकण्यासाठी कापली जातात. मजकूर शाबूत, बांधणी देखणी आणि फलक मात्र गायब, अशी प्रत घेण्यापेक्षा फलकांच्या यादीशी एकेक पान ताडून पाहिलेली वाळवीखाल्ली प्रत बरी! पुनर्मुद्रणे वाचनाला पुरेशी ठरतात. मात्र त्यांत बारीक रेषा अनेकदा पुसट होतात.

हे खंड आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. तरीही छापील प्रतीची गरज संपलेली नाही. घडीचे नकाशे न उलगडताच पाने टिपल्याचे अनेक प्रतींत आढळते. अशा वेळी जुन्या ग्रंथालयातील मूळ खंड उघडण्यावाचून गत्यंतर नसते.