सरकारी खुर्ची आणि टोपणनाव: लोकहितवादींची गोष्ट

मी बोलतोय उल्हासनगर कॅम्प ५ मधून. रेकॉर्डिंगमध्ये मागून रिक्षांचे हॉर्न ऐकू येतात, त्याला इलाज नाही. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा इथे लिहून देतोय.

आमच्या गल्लीत माझा एक मित्र राहतो. चार वर्षं स्पर्धा परीक्षा दिल्या, शेवटी सरकारी नोकरी लागली. घरोघरी पेढे वाटले आणि त्याच आठवड्यात पठ्ठ्याने इन्स्टावरचं कवितांचं पेज डिलीट केलं. म्हटलं, का रे? तर म्हणाला, "आता मी सरकारी माणूस. उगाच कशाला भानगड?"

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. सरकारी नोकरी करणाऱ्याने लिहायचं की नाही? आणि लिहायचंच तर कुठवर? हा प्रश्न मराठीत पावणेदोनशे वर्षं जुना आहे. म्हणून आज गोपाळ हरी देशमुख. शाळेच्या पुस्तकात आपण त्यांना 'लोकहितवादी' म्हणून पाठ केलंय.

जन्म पुण्यात, १८२३ साली. पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झाली होती. वडील शेवटच्या पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्याकडे कामाला होते. म्हणजे ज्या घराने जुनं राज्य जवळून पाहिलं, त्याच घरातला हा मुलगा. तो इंग्रजी शिकला आणि १८४४ मध्ये इंग्रजांच्याच कचेरीत भाषांतरकार म्हणून लागला.

आता खरी गंमत. मुंबईहून भाऊ महाजनांचं 'प्रभाकर' नावाचं साप्ताहिक निघायचं. १८४८ पासून त्यात 'लोकहितवादी' अशा सहीने पत्रं छापून यायला लागली. १८५० पर्यंत अशी १०८ पत्रं झाली. तीच ही 'शतपत्रे'. लिहिणारा पंचविशीतला सरकारी नोकर.

आणि लिहायचा काय? बालविवाह बंद करा. विधवांना पुन्हा लग्न करू द्या. अर्थ न कळता नुसतं पाठांतर करणं म्हणजे विद्या नव्हे. स्वतः ब्राह्मण असून ब्राह्मणांवर सगळ्यात कडक टीका त्यानेच केली. देशी माल वापरा, हेसुद्धा सांगितलं. एवढंच नाही, तर हिंदुस्थानात पार्लमेंट हवी हा विचारही त्याने मांडला. हे सगळं १८५७ च्या उठावाआधी, बरं का!

मग इंग्रज साहेबाने त्याला घरी कसं बसवलं नाही?

कारण पत्रांचा मारा कुठे होता ते बघा. जास्त करून आपल्याच समाजावर. इंग्रजी राज्य त्यांना देवाने पाठवलेली शाळा वाटायचं. आपण शहाणे झालो की आपला कारभार आपल्याला मागता येईल, असा हिशोब. हे त्यांना मनापासून वाटत होतं, की नोकरीमुळे लेखणी तिकडे वळली नाही? मला वाटतं, दोन्ही थोडं थोडं. आणि ही गोष्ट लपवून त्यांना नुसतं 'थोर समाजसुधारक' म्हणणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

नोकरी तर चढतच गेली. १८५२ मध्ये वाईला मुन्सफ, म्हणजे दिवाणी न्यायाधीश. १८५६ मध्ये असिस्टंट इनाम कमिशनर. इनाम कमिशनचं काम काय? जुन्या राजवटीत मिळालेल्या करमाफ जमिनींचे कागद तपासायचे. पुरावा पटला नाही की इनाम जायचं. जुन्या घराण्यांचा केवढा राग असेल या खात्यावर! आपल्या अंबरनाथ-बदलापूरवरून खोपोलीला जाणारी रेल्वे सुरू झाली तेही १८५६ सालीच. एकीकडे नवं जग येत होतं, दुसरीकडे जुनं कागद तपासून मोडीत निघत होतं आणि हा लेखक मोडणाऱ्या खात्याच्या खुर्चीत होता. पुढे १८६२ पासून अहमदाबादला न्यायाधीश, मग नाशिक, आणि १८७९ मध्ये निवृत्ती.

१८७९ हे साल लक्षात ठेवा. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेत शिक्षक होते. 'निबंधमाला' मासिकात त्यांनी लोकहितवादींवर सडकून टीका केली होती. स्वतःच्या लोकांना इतकं हिणवायचं आणि इंग्रजांचं कौतुक करायचं, हे त्यांना सहन होत नव्हतं. त्यांची रत्नागिरीला बदली झाली आणि १८७९ मध्येच त्यांनी राजीनामा दिला. १८८० ला टिळकांसोबत न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ ला 'केसरी'. आणि १८८२ मध्ये, बत्तिसाव्या वर्षी, गेलेसुद्धा.

एकाने खुर्ची सांभाळून तीसहून जास्त पुस्तकं लिहिली, पण 'बोलका सुधारक' हा शिक्का कपाळी बसला. दुसऱ्याने खुर्ची सोडली आणि सरकारला सुनवायला मोकळा झाला. पण समाजसुधारणेच्या बाबतीत काळाच्या पुढे होता तो खुर्चीतलाच माणूस. म्हणून यात हिरो-व्हिलन शोधू नका.

आज काय? राज्य सरकारी नोकरांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. सरकारच्या धोरणावर जाहीर टीका चालत नाही. पण निव्वळ साहित्य, कला किंवा शास्त्र या विषयावरच्या लेखनाला आधी परवानगी लागत नाही. 'पानिपत' लिहिणारे विश्वास पाटील सरकारी अधिकारीच होते. २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख हेही आयएएस होते.

हे सगळं मी मित्राला सांगितलं. तो म्हणाला, "कविता चालतील रे, पण आपल्या रस्त्यातल्या खड्ड्यावर लिहिली तर ती कविता की टीका?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा. त्याचं पेज अजून बंदच आहे. वही मात्र त्याने टाकलेली नाही, मी बघितलीय.

भेटू पुढच्या भागात!