कोल्हापूर ते फ्लॉरेन्स : एका प्रवासाची आखणी

सिन्नर हे मूळचेच वाटेवरचे गाव. यादवांची ही एकेकाळची राजधानी. गोंदेश्वराचे देऊळ आजही त्या वैभवाची साक्ष देत उभे आहे. नाशिक-पुणे रस्ता इथूनच जातो, पण मुंबईहून उत्तरेकडे धावणारी जुनी आगगाडी मात्र नाशिकरोडवरूनच पुढे निघून गेली. कदाचित त्यामुळेच आम्हां सिन्नरकरांना लांबच्या आगगाडीच्या प्रवासाचे भारी अप्रूप! हल्ली मुलगा-सून जर्मनीत नाहीतर हॉलंडात असली, की दिवाळीच्या फराळाबरोबर युरोपच्या सहलीचा विषय निघतोच. घरातील तरुण म्हणतात, विमानाने सगळे झटपट उरकू. आजोबा म्हणतात, देश पाहायचा तर तो खिडकीतूनच पाहावा. या वादात भर घालण्याऐवजी दीडशे वर्षांहून जुनी एक हकीकत सांगावी, असे वाटते.

साल 1870. कोल्हापूरच्या गादीवर छत्रपती राजाराम महाराज होते. वय अवघे वीस. त्यांनी विलायतेला जायचे ठरविले. आज तिकीट काढले की निघालो. तेव्हा तसे नव्हते. कोल्हापूरला आगगाडी 1891 साली आली, म्हणजे पुण्यापर्यंतची मजल रस्त्यानेच मारावी लागे. पुण्याहून पुढे बोरघाट उतरून मुंबईला जाणारी गाडी 1863 पासून सुरू झाली होती. सुएझचा कालवा 1869 च्या नोव्हेंबरात खुला झालेला. त्याच 1870 च्या मार्चमध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरपाशी जोडला गेला आणि विलायतेची टपाल थळघाट चढून, नाशिकरोडवरून थेट कलकत्त्याला जाऊ लागली. जग एकाएकी आखडू लागले होते.

महाराज इंग्लंडला पोहोचले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, शहरे पाहिली, संस्था पाहिल्या. जे पाहिले ते ते इंग्रजीतून रोजनिशीत लिहीत. समुद्र ओलांडणे हेच जिथे धर्मसंकट, तिथे एका राजाने स्वतःहून जावे आणि कुतूहलाने टिपणे करीत राहावे, ही लहान गोष्ट नव्हे.

परतीचा बेत आखायची वेळ आली तेव्हा नकाशाच बदलून गेलेला होता. 19 जुलै 1870 रोजी फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि सप्टेंबरात पॅरिसला वेढा पडला. कॅलेहून पॅरिस, पॅरिसहून मार्सेल, ही हिंदुस्थानच्या उतारूंची नेहमीची वाट बंद झाली. मग वळसा घेणे आले : बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्स ओलांडून इटली. ब्रेनरच्या खिंडीतून आगगाडी 1867 सालीच सुरू झाली होती, म्हणून हा बेत शक्य तरी झाला. आल्प्सच्या पोटातून जाणारा फ्रान्स-इटली बोगदा त्यानंतर, म्हणजे 1871 मध्ये खुला व्हायचा होता.

लोहमार्ग होता, गाड्या होत्या. पण ऋतू नव्हता. नोव्हेंबरातली युरोपची थंडी ही काही पन्हाळ्यावरची गुलाबी थंडी नव्हे. वाटेत महाराजांची प्रकृती ढासळली. फ्लॉरेन्सला, म्हणजे त्या वेळच्या इटलीच्या राजधानीत, मुक्काम पडला आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी तिथेच त्यांचे देहावसान झाले.

बरोबरच्या मंडळींपुढे आता दुसराच प्रश्न उभा राहिला. प्रेत दहन करण्याची चाल त्या शहरात नव्हती. तरीही नगराच्या अधिकाऱ्यांनी परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, चिता रचली गेली. पंचगंगेकाठच्या राजाला शेवटी संगमच लाभला, पण परक्या मुलखातला! शहरचे लोक हा अनोळखी विधी पाहायला जमले होते. त्याच जागी 1874 मध्ये छत्री उभारली गेली आणि तीत महाराजांचा अर्धपुतळा बसविला. जवळच 1978 साली झालेल्या पुलालाही तिथले लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. महाराजांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट यांनी 1872 मध्ये प्रसिद्ध केली. कोल्हापुरात राजाराम कॉलेज त्यांचे नाव चालवीत आहे.

पुढे ही वाट पुष्कळांनी तुडविली. आमच्या शेजारच्या भगूरचे विनायकराव सावरकर 1906 च्या जूनमध्ये मुंबईहून बोटीने निघाले, मार्सेलला उतरले आणि फ्रान्समधून लंडनला गेले. महात्मा गांधी 1931 च्या डिसेंबरात गोलमेज परिषदेहून परतताना पॅरिस, स्वित्झर्लंड, रोम असे करीत ब्रिंदिसीला बोटीवर चढले. हिवाळा तोच, पण रोमां रोलांकडे त्यांनी काही दिवस विसावा घेतला होता. मग 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे विमान मुंबईहून कैरो-जिनिव्हामार्गे लंडनला उडाले आणि बोट व आगगाडी यांची ही जोडगोळी हळूहळू मागे पडली.

आज मुंबईहून युरोपपर्यंत विमानाला पर्याय उरलेला नाही. पण एकदा तिथे उतरल्यावर गावोगाव पुन्हा विमानेच कशाला? 1994 पासून समुद्राखालच्या बोगद्यातून लंडन-पॅरिस गाडी धावते, आणि एकाच पासावर अनेक देश हिंडता येतात. बेत आखताना मात्र वेळापत्रकाआधी ऋतू पाहावा, घरातल्या सर्वांत अशक्त माणसाच्या चालीने मुक्काम ठरवावेत, आणि एखादी वाट बंद झालीच तर दुसरी कोणती, हे निघण्यापूर्वीच हेरून ठेवावे. आणि फ्लॉरेन्सला गाडी बदलायची असेल, तर पुढची थोडी उशिराची धरावी. आर्नोकाठी आपला एक माणूस आहे. त्याला भेटून यावे.