थर्मामीटर किती हातांतून गेला?

परिचर्येचा इतिहास सांगणारा बहुधा फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून सुरुवात करतो. परिचारिकांना शिकविताना मीही वर्षानुवर्षे तेच केले. क्रिमियाचे युद्ध, हातातला दिवा, १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात निघालेली शाळा. हे सारे खरे आहे आणि शिकविलेही पाहिजे. परंतु रोग्याची पाहणी म्हणजे काय, आणि आपल्या देशात ती कोणाला नाकारली गेली, हे समजून घ्यायचे तर सुरुवात दुसरीकडून करावी लागते. माझे हे मत बनले ते बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे लहानसे आत्मकथन वाचून. ते पुस्तिकेच्या रूपाने बाहेर आले १९९० साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर चौतीस वर्षांनी.

त्यात बाबासाहेबांनी 'यंग इंडिया'च्या १२ डिसेंबर १९२९ च्या अंकातील एक पत्र दिले आहे. लिहिणारा काठेवाडातील एका खेड्यातला अस्पृश्य शिक्षक. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांनी आजारी पडली. जुलाब झाले, छाती भरली, श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गावातल्या प्रतिष्ठितांनी रदबदली केली, दोन रुपये फीची हमी दिली, तेव्हा तो आला. तेही रोग्याला वस्तीबाहेर आणावे या अटीवर. दोन-चार दिवसांच्या बाळासह त्या बाईला बाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला, आणि त्याच हातांतून तो परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले, औषध पाठवून दिले. पुन्हा पाहायला तो आला नाही. बाई मेली.

हे पत्र आपल्या चळवळीत अनेकांनी वाचले आहे. वाचून संताप येतो, आणि तो यावाच. पण मी ते परिचारिकेच्या नजरेने वाचते तेव्हा माझ्यापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो: त्या डॉक्टरला नेमके काय कळले?

ताप किती, एवढेच कळले. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीला अशी बाळंतीण सोपविली तर ती प्रथम रोगी शुद्धीवर आहे का, विचारलेल्याचे उत्तर नीट देते का, हे पाहील. मग श्वास मोजील, पुरा एक मिनिट, आणि रोग्याला न सांगता. कारण मोजताहेत हे कळले की माणूस श्वास बदलतो. प्रौढ माणसाचा विसावलेला श्वास मिनिटाला बारा ते वीस. पंचविसावर गेला की धोक्याची घंटा. मग नाडी. मग पोटावर हात: गर्भाशय टणक लागते की मऊ, रोज बोटभर खाली उतरायला हवे ते उतरले की नाही. दाबल्यावर दुखते का? जाणाऱ्या स्रावाला घाण वास आहे का? बाळंतिणीच्या तापाचे पहिले कारण तिथेच शोधायचे असते. जुलाब आहेत तर जीभ कोरडी आहे का, लघवी शेवटची कधी झाली. त्या बाईला न्यूमोनिया नव्हता असे मी म्हणत नाही. असेलही. मी एवढेच म्हणते की यातले बरेचसे हात लावल्यावाचून कळत नाही, आणि तिला हात लावला गेला नाही.

कोणी म्हणेल, औषध तर दिले होते! पण १९२९ साली न्यूमोनियाला मारणारे औषध सर्वसाधारण डॉक्टरच्या पेटीत नव्हतेच. सल्फापायरिडिन आले १९३८ साली, पेनिसिलिन त्याही नंतर. तोवर न्यूमोनियाच्या रोग्याला तगवणारी गोष्ट म्हणजे शुश्रूषा. उशाशी आधार देऊन बसते ठेवणे, घोट घोट पाणी पाजणे, अंग पुसणे, कूस बदलणे, आणि ताप उतरायच्या त्या अवघड रात्री कोणीतरी जाणते माणूस शेजारी असणे. स्पर्श नाकारला याचा अर्थ उपचाराचे केवळ सौजन्य नाकारले असा नाही. तेव्हा हाताशी होता तो उपचारच नाकारला. वर आजारी बाईला रात्रीच्या हवेत घराबाहेर काढले.

याच्या बत्तीस वर्षे आधी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले रोग्यांना उचलून डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात आणीत होत्या. १० मार्च १८९७ ला त्याच रोगाने त्या गेल्या. परिचर्येच्या आपल्या पाठ्यपुस्तकांत हे नाव मला फारसे भेटले नाही.

मी स्वतः शिकत होते तेव्हा एका रुग्णालयात एका रोग्याने माझे आडनाव विचारले आणि मनगट पांघरुणाखाली ओढून घेतले. नाडी राहिली. मी पांघरुणाची हालचाल पाहून श्वास मोजला आणि केसपेपरवर लिहिला. नाडीची जागा कोरी ठेवली. सिस्टरने कोऱ्या जागेबद्दल मला रागावले, रोग्याला नव्हे. त्याच रोग्याला रात्री तीनदा उचलून बेडपॅन देणारी मावशी कोण होती, हे त्याने विचारले नाही. मावश्या आणि मामा बहुतेक आपल्याच वस्त्यांतले. ते काम आपलेच, असे सगळ्यांनी धरलेले.

त्या मावशीनेच मला शिकविले ते पुस्तकात नव्हते. पुस्तकात होते: पाठीला लाली दिसली की जखम होणार असे समजावे. इंग्लंडात डोरीन नॉर्टन यांनी १९६२ साली शय्याव्रणाचा धोका मोजण्याची पट्टी दिली, शरीराची अवस्था, मन, चालणे, हालचाल, मलमूत्रावर ताबा असे पाच भाग, वीसपैकी चौदा वा कमी गुण म्हणजे धोका. ती आजही उपयोगी आहे. पण लाली गोऱ्या कातडीवर दिसते. आमच्या वॉर्डातल्या काळ्यासावळ्या पाठींवर कुठली लाली? मावशी हाताची मागची बाजू माकडहाडापाशी फिरवायची आणि म्हणायची, "इथं ऊन लागतंय बाई, अन् घट्ट झालंय. कूस बदला." आज हीच गोष्ट इंग्रजी पुस्तकांत लिहिलेली असते: गडद त्वचेत रंगावर विसंबू नका, ऊब आणि घट्टपणा हाताने पाहा. केसपेपरवर सही अर्थातच मावशीची नसे.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचेही तसेच निघाले. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, यंत्र ९२ ते ९६ दाखवीत असताना रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात ८८ च्या खाली असलेल्या मोजण्या काळ्या रोग्यांत ११.७ टक्के निघाल्या, गोऱ्यांत ३.६. म्हणून मी मुलींना सांगते: आकडा चांगला आणि रोगी धापा टाकतोय, तर रोग्याचे ऐका.

पहिल्या तासाला मी आता काठेवाडचे ते पत्र वाचून दाखवते आणि डॉक्टरला काय कळले नाही याची यादी करायला सांगते. मुली श्वास, नाडी, पोट, स्राव, लघवी असे लिहीत जातात. एखादी विचारते, बाळाला कोणी पाहिले? त्या मजकुरात बाळाचा उल्लेख पुन्हा येत नाही. यादीत मी तेही लिहायला लावते.