पोआसीचें घर

प्राचीन मंदिरें व किल्ले जपावे, हें सर्वांस मान्य असतें. परंतु अवघ्या ३० वर्षांच्या घराची कींव कोण करणार? पॅरिसनजीक पोआसी येथें ल कॉर्बूझिए या वास्तुशिल्पज्ञांनीं सव्हॉय कुटुंबासाठीं १९२८ ते १९३१ या काळांत असें एक घर बांधिलें. बारीक खांबांवर तोललेला शुभ्र मजला, लांबच लांब आडव्या खिडक्या आणि गच्चीवर बाग. नव्या वास्तुविद्येचा जणूं तो वस्तुपाठच होता. छप्पर मात्र गळत असे. महायुद्धांत तेथें आधीं जर्मन व मागाहून अमेरिकन सैन्य राहिलें आणि घराची दुर्दशा झाली. १९५८ सालीं विद्यालयाकरितां ती जागा सरकारजमा झाली व घर पाडण्याचें घाटूं लागलें. तेव्हां देशोदेशींच्या वास्तुशिल्पज्ञांनीं निषेध केला आणि सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांनीं लक्ष घातलें. विद्यालय शेजारींच उभें राहिलें, घरहि वांचलें. १९६५ च्या ऑगस्टांत कॉर्बूझिए निवर्तले. त्याच डिसेंबरांत तें संरक्षित स्मारक ठरलें. २०१६ सालीं युनेस्कोनें ७ देशांतील त्यांच्या १७ कृतींस जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत हें घर आहे, तसेंच चंडीगडचें विधानभवन, सचिवालय व उच्च न्यायालय यांचा परिसरहि आहे. गळकें छप्पर दुरुस्त करतां येतें. पाडलेली वास्तु परत मिळत नाहीं. म्हणून नव्या वास्तूचें मोल ती जुनी होण्याआधींच ओळखावें लागतें.