कागदी हिमकणाला टोके किती?

#थ्रेड
परवा माझी भाची बालवर्गातून पांढऱ्या कागदाचा हिमकण घेऊन आली. पंचगंगेच्या काठी डिसेंबरात धुके उतरते, हिम नव्हे; पण ते असो. मी टोके मोजली. आठ!

खरा हिमकण षट्कोनी असतो. केप्लरने १६११ साली या सहा कोनांवर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. कागद मात्र तीनदा निम्मा दुमडला की आठच भाग पडतात. त्याला बिचारी मुलगी काय करणार?

ही घडी बालवर्गात आली ती जर्मनीतून. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ साली ब्लँकेनबर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. कागद दुमडणे, कातरणे, विणणे हे त्याच्या पद्धतीत फावल्या वेळचे उद्योग नव्हते. तेच शिक्षण होते.

त्याच घडीच्या कागदावरून मद्रासच्या टी. सुंदर राव यांना भूमितीचा ग्रंथ सुचला. तो १८९३ साली प्रसिद्ध झाला आणि फेलिक्स क्लाइनसारख्या जर्मन गणितज्ञाने त्याची दखल घेतली. जर्मनीहून आलेली घडी अशी जर्मनीला परत गेली! त्यात चौकोनी कागदातून षट्कोनही काढला आहे. युक्ती साधी आहे: चौकोन मधोमध दुमडून उलगडावा, खालचा डावा कोपरा स्थिर ठेवून उजवा कोपरा त्या उभ्या घडीवर टेकवावा. ६० अंशांचा कोन मिळतो.

मराठी मुलखात ताराबाई मोडकांनी याही पुढचे पाऊल टाकले. गिजुभाई बधेकांसह १९२६ पासून ‘नूतन बाल शिक्षण संघा’चे काम करताना महागड्या साधनांची अडचण त्यांना कळलीच होती. १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू झाली, तेव्हा पाने, बिया, शंखशिंपले हेच साहित्य झाले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले.

म्हणून कागदाची घडी परकी, हे म्हणणे मला पटत नाही. परका आहे तो ऋतू. आपल्या हिवाळ्यात उसाला तुरे येतात, गुऱ्हाळे पेटतात, दुकानांत पतंगी कागद येतो.

काल भाचीबरोबर पतंगी कागदावर सुंदर रावांची घडी घातली. दोन कागद फाटले, तिसऱ्याला सहा टोके आली. तिला तो हिमकण मुळीच वाटला नाही. संक्रांतीला पतंगाच्या शेपटीला चिकटवणार आहे म्हणे.